पंप पाणी का सोडतो?



घरच्या विहिरीवर पंप बसला म्हणजे घरातल्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, निम्मे कष्ट कमी होतात. रहाट ओढणे नको, कळशांच्या खेपा नकोत. बटण दाबले की वरची टाकी भरली. या सुखाची सवय चार दिवसांत लागते. मग एके दिवशी सकाळी बटण दाबावे, मोटार घूं घूं करीत फिरावी, आणि नळाला मात्र पाण्याचा थेंब नसावा! नरसाळ्यातून बादलीभर पाणी ओतले की पंप चालू होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरात म्हणतात, "पंपानं पाणी सोडलं."

पुढे काय होते तेही आपणांस ठाऊक आहे. एक शेजारी सांगतो, मोटार कमजोर झाली, मोठी घ्या. दुसरा सांगतो, पंपच बदला. तिसरा काही सांगत बसत नाही. कमरेला दोर बांधतो आणि विहिरीत उतरतो. पहिल्या दोन सल्ल्यांत पैसा जातो, तिसऱ्यात प्रसंगी जीव जातो. आणि खरा दोष पुष्कळ वेळा असतो एखाद्या चकतीत, नाही तर सैल झालेल्या सांध्यात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे हे कसे ओळखावे, एवढेच आज आपण पाहणार आहोत. ओळखण्याचे हे काम विहिरीच्या काठावर उभे राहून होते. त्यासाठी आत उतरावे लागत नाही.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. आपण म्हणतो, "पंप पाणी ओढतो." मोट होती तेव्हा हा शब्द अगदी खरा होता. बैल धावेवरून खाली जात, नाडा ताणला जाई आणि भरलेली मोट वर येई. तेथे ओढणारा होता, दोर होता आणि ओढले जाणारे पाणी होते. मोट गेली, पंप आला, पण शब्द जुनाच राहिला. आता सांगा, पंपाने पाणी ओढायचे तर दोर कोठे आहे? पाण्याला काही कडी नाही, की पंपाने ती धरून खेचावी.

मग पाणी चढते कसे? ते खालून ढकलले जाते, आणि ढकलणारी आहे हवा. हवेला वजन आहे. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर ती साधारण एक किलो भार टाकते. विहिरीतल्या पाण्यावरही हा भार असतोच. पंप एवढेच करतो, की पाइपाच्या वरच्या टोकाशी असलेला भार कमी करतो. वरचा भार हटला की विहिरीवरची हवा पाण्याला पाइपातून वर रेटते. पंपाने दार उघडावयाचे आणि हवेने पाणी आत लोटावयाचे, असा हा भागीदारीचा व्यवहार आहे.

या व्यवहाराला मर्यादा आहे. पंपाने पाणी सुमारे ३४ फुटांच्या वर चढत नाही, ही अडचण इटलीतील गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविली. तिचा उलगडा त्याचा शिष्य टॉरिचेल्ली याने १६४४ साली लिहिलेल्या पत्रात केला. हवेचे वजन जेवढे पेलू शकते, तेवढेच पाणी वर उभे राहते, त्याहून अधिक नाही. पुढे १६४८ साली फ्रान्समधील पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेऊन पाहिली, तेव्हा डोंगरमाथ्यावर पारा खाली उतरलेला आढळला. उंचावर हवा विरळ, म्हणून तिचा भारही कमी.

हा इतिहास आपल्या विहिरीच्या काठावर उपयोगी पडतो. समुद्रसपाटीला हवा सुमारे १०.३ मीटर, म्हणजे ३४ फूट पाणी पेलते. मालवणला हा हिशेब पुरा लागू पडेल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. तेथे हाच आकडा दीड मीटरने, म्हणजे पाच फुटांनी कमी होतो. शिवाय पाइपातले घर्षण, वळणे, पंपाची झीज यांत आणखी काही भाग खर्च होतो. म्हणून व्यवहारात पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर वीस फुटांच्या, म्हणजे सहा मीटरच्या आत असावे हे उत्तम. बावीस-तेवीस फुटांपुढे भरवसा धरू नये.

आता दुसरा प्रश्न. पंप सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी का भरावे लागते? हवा असली तर त्याचे काय बिघडते?

आपल्या घरगुती पंपात एक पंखा असतो. कारागीर त्याला इंपेलर म्हणतात. तो गरगर फिरून पाणी कडेला भिरकावतो. गोफणीतून दगड जसा जोराने सुटतो तसे हे पाणी सुटते, आणि मधली जागा मोकळी होऊन तेथला भार कमी होतो. पण गोफणीत दगडाऐवजी कापसाचा बोळा घाला बरे! कितीही फिरवा, तो काय जोर करणार? हवेची गत तशीच आहे. पाण्याहून ती सुमारे आठशे पट हलकी आहे. जो पंप पाणी भरलेले असताना पासष्ट फूट उंच पाणी चढवितो, तोच पंप नुसती हवा फिरवू लागला तर खालचे पाणी जेमतेम एक इंच उचलील. मोटारीचा दोष नाही, पंपाचाही नाही. पंख्याला भिरकावण्यासाठी वजनदार असे काही हाती लागलेले नाही, एवढेच. काही नव्या पंपांना "सेल्फ प्रायमिंग" म्हणतात. त्यांतही पहिल्यांदा पाणी भरावेच लागते. ते पाणी आपल्या पोटात राखून ठेवतात, एवढाच फरक.

एवढे ध्यानात आले, की पंप पाणी सोडण्याची कारणे तीनच उरतात. एक, भरलेले पाणी खाली विहिरीत परत जाते. दोन, पाणी जाग्यावर असते, पण कोठून तरी हवा आत शिरते. तीन, विहिरीचे पाणीच हवेच्या आवाक्याबाहेर खाली गेलेले असते. या तिघांपैकी आपला चोर कोणता, हे ठरविण्यासाठी एक नरसाळे, एक सुतळी, एक दगड आणि थोडा साबणाचा फेस एवढे सामान पुरे.

पहिली परीक्षा अशी. मेन स्विच बंद करा. पंपाच्या डोक्यावरच्या नरसाळ्यातून हळूहळू पाणी भरा. बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत भरत राहा. पाइप अधूनमधून हलविला तर अडकलेली हवा लवकर निघते. नरसाळे काठोकाठ भरले की अर्धा तास थांबा. विहीर पिण्याच्या पाण्याची असेल तर भरण्याचे पाणीही स्वच्छच घ्यावे. कोणी कोणी गळती बुजविण्यासाठी शेणकाला किंवा चिखल ओततात. त्याने घटकाभर काम भागते, पण तीच घाण आपल्या पिण्याच्या पाण्यात उतरते.

अर्ध्या तासात नरसाळ्यातले पाणी खाली गेले, तर आधी काठावरून दिसणारा पाइप वरपासून खालपर्यंत निरखून पाहा. कोठे थेंब ठिबकत असेल तर दोष तेथे. उभ्या पंपात जेथून पाणी बाहेर ठिबकते, तेथूनच पंप चालू असताना हवा आत शिरते, हे सूत्र लक्षात ठेवावे. बाहेर कोठेच ओल नाही, तरी पाणी उतरते आहे, तर चोर पाण्याखाली आहे; आणि तो बहुधा तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह हा असतो. आपल्याकडे त्याला सर्रास "फुटबॉल" म्हणतात. त्याचा खेळाशी काही संबंध नाही! पाण्याला वर येऊ देणारे पण खाली जाऊ न देणारे हे एकमार्गी दार आहे.

या झडपेचे आणखी एक लक्षण सांगतो. पंपाचा वरचा पाइप टाकीत बुडालेला असेल किंवा टाकीच्या बुडाला जोडलेला असेल, आणि रात्री भरलेली टाकी सकाळी नळ न उघडताच उतरलेली दिसत असेल, तर ते पाणी पंपातून आणि झडपेतून परत विहिरीत गेले असे समजावे. टाकी गळते म्हणून गवंड्याला बोलावण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

झडप गळते ती का? तिच्या आत चामड्याची किंवा रबराची चकती असते. विहिरीत पडलेल्या पानाचा देठ, काडी, बारीक खडा दाराच्या फटीत अडकला की दार पुरते मिटत नाही. चामडे सुकले, रबर कडक झाले तरी तेच. पाइप हाताने थोडा वर-खाली हिसडल्याने अडकलेली काडी कधी कधी निघून जाते. न निघाल्यास पाइप वर काढून झडप उघडावी, चकती धुऊन पाहावी, चीर गेलेली असेल तर बदलावी, जाळी घासून साफ करावी. परत बसविण्यापूर्वी काठावरच झडप उभी धरून वरच्या तोंडाने पाणी भरावे आणि खालून थेंब पडतो का ते बघावे. थेंब पडत असेल तर ती विहिरीत सोडण्यात अर्थ नाही.

दुसरी परीक्षा. अर्धा तास झाला तरी नरसाळे भरलेलेच आहे, म्हणजे झडप ठीक आहे. आता नरसाळ्याचा कॉक घट्ट बंद करून पंप चालू करा. पाणी येते, पण धार फुसफुसत तुटते आणि थोड्या वेळाने बंद पडते. येथे एक तर हवा शिरते आहे, नाही तर पाणी फार खोल आहे. सुतळीला दगड बांधून तो काठावरून पाण्यापर्यंत सोडा आणि पंपापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. मात्र हे मोजमाप धार तुटल्यावर लगेच करावे, कारण उपसा झाला की विहिरीची पातळी खाली जाते. पहाटेचे पाणी आणि उपशानंतरचे पाणी यांत पुष्कळ फरक असू शकतो.

अंतर वीस फुटांच्या आत असेल, तर हवेची वाट शोधावयाची. पंप चालू असताना साबणाचा दाट फेस पंपापासून पाण्यापर्यंतच्या पाइपाच्या प्रत्येक सांध्यावर, हात पोहोचेल तेथवर, लावत जा. जेथे फेस आत खेचला जाईल, तेथे फट आहे. वरच्या, टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला फेस लावून उपयोग नाही. तेथली गळती पाणी बाहेर टाकते, हवा आत घेत नाही. या परीक्षेत मोटारीवर आणि तारांवर पाणी उडणार नाही याची काळजी घ्यावी. पंप दोन-चार मिनिटांहून अधिक कोरडा फिरू देऊ नये. पंपाचे सील पाण्यानेच थंड राहते. कोरडे फिरले की ते जळते, आणि मग एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

हवेच्या नेहमीच्या वाटा कोणत्या? पाइपाच्या आट्यांचा सांधा, दोन पात्यांमधले सुकलेले रबरी पॅकिंग, रबरी नळीवरची ढिली क्लिप, उन्हाने तडकलेला प्लॅस्टिकचा पाइप, गंजलेल्या लोखंडी पाइपाचे टाचणीएवढे भोक, आणि नरसाळ्याचा नीट न मिटणारा कॉक. आट्यांचा सांधा सोडवून, पुसून, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून पुन्हा आवळावा. पूर्वी तागाला सफेदा लावून सांधे बसवीत. तो सफेदा शिशाचा असेल तर पिण्याच्या पाण्याला वापरू नये, शिसे विषारी आहे. जुन्या पंपात दांड्याभोवती ग्लँडदोरी असते. तिच्यातून चालू पंपात अधूनमधून एखादा थेंब पडणे योग्यच आहे. तो थांबवावा म्हणून नट फार आवळला तर दांडा तापतो आणि झिजतो.

सांधे नीट असूनही धार तुटते, असेही होते. तेव्हा दोन गोष्टी पाहाव्या. झडप पाण्यात निदान दोन फूट बुडालेली असावी. ती वर आली की पाण्यात भोवरा पडतो आणि भोवऱ्यातून हवा आत जाते. तळापासूनही ती फूटभर वर असावी, नाही तर गाळ खाते. दुसरी गोष्ट, विहिरीकडून पंपाकडे येणारा पाइप सतत चढता असावा. मध्येच उंटाच्या पाठीसारखा उंचवटा राहिला तर हवा तेथे दडून बसते, आणि कितीही पाणी भरले तरी निघत नाही.

आता तिसरा चोर. कार्तिकात उत्तम चालणारा पंप चैत्र-वैशाखात पाणी सोडू लागला, आणि सुतळीने मोजता अंतर पंचवीस फूट भरले, तर दोष पंपातही नाही आणि पाइपातही नाही. पाणी हवेच्या आवाक्याबाहेर गेले आहे. येथेच माणसे फसतात. अर्ध्या अश्वशक्तीच्या जागी दोनाची मोटार आणतात, पैसे कर्जाऊ घेतात, आणि पाणी जेथल्या तेथे! कारण खालून रेटणारी हवा होती तेवढीच आहे. आपली मोटार मोठी झाली म्हणून हवेचे वजन वाढत नाही. मोठी मोटार पंपाच्या वरचे पाणी अधिक उंच नेईल. पंपाखालचे पाणी ती जवळ आणू शकत नाही. उपाय दोनच. पावसाळ्यात बुडणार नाही अशा बेताने पंप खालच्या टप्प्यावर बसविणे, किंवा पाण्यातच बुडून राहणारा सबमर्सिबल पंप घेणे. हा पंप पाण्याला खालूनच वर ढकलतो, म्हणून हवेची मर्यादा त्याला लागू होत नाही.

मंडळी, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झडप काढण्यासाठी विहिरीत उतरू नका. घरगुती पाइप फार जड नसतो. दोघा-तिघांनी काठावरून दोराने तो वर घेता येतो. पंप बसवितानाच झडपेला एक मजबूत नायलॉनचा दोर बांधून त्याचे टोक काठावर अडकवून ठेवावे. मग पुढे कोणालाच उतरण्याचे कारण पडत नाही. बंद किंवा जुन्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. पाणी उपसण्यासाठी विहिरीत तेलाचे इंजिन उतरविणे तर फारच घातक. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे फसवी ठरते: कंदील जळत राहतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उडी घेतो, तोही पडतो. आत कोणी बेशुद्ध पडला तर मागोमाग उतरू नये. ताबडतोब ११२ क्रमांकावर मदत मागावी.

विजेबाबतही तसेच. वीज गेली म्हणजे स्विच बंद झाला असे नव्हे. आपला हात पंपात असताना ती परत येऊ शकते. मेन स्विच खाली करून तेथे घरातले एक जाणते माणूस उभे करावे, मगच पाना हाती घ्यावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. हा सबंध पाठ वर्गात पाच मिनिटांत दाखविता येतो. एक पेलाभर पाणी आणि कागदाची नळी घ्या. मुलाला नळीने पाणी पिऊ द्या. मग पाण्याच्या वर, नळीच्या मध्यावर, टाचणीने चार-पाच भोके पाडा. आता पाणी धड वर येत नाही, नुसती हवा येते. भोकांवर बोट दाबून धरा, पाणी पुन्हा चढते. मुलांना विचारा, बोटाने काय केले? त्यांना उत्तर सापडेल, आणि संध्याकाळी घरी जाऊन ती विहिरीवरचे सांधे बघू लागतील. पास्कलचा डोंगर फ्रान्समध्ये असला, तरी त्याची परीक्षा आपल्या परसात रोज चालू आहे, हे त्यांना कळेल.

थोडक्यात सांगावयाचे तर, पंपाने पाणी सोडले की आधी नरसाळे भरा आणि थांबा. पाणी उतरले तर झडप किंवा ठिबकणारा सांधा. पाणी राहिले, पण धार तुटली, तर सुतळीने खोली मोजा. खोली कमी असेल तर फेसाने हवेची वाट शोधा. खोली जास्त असेल तर नव्या मोटारीचा विचार सोडून द्या. दरसाल वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना, एकदा पाइप वर घेऊन झडप साफ करावी, विहिरीवर जाळी टाकावी आणि एक जादा चकती घरात ठेवावी. एवढे केले तर पाहुण्यांनी भरलेल्या घरात ऐन लग्नसराईत कळशी घेऊन शेजारच्या विहिरीवर जाण्याची पाळी बहुधा येणार नाही.